रेप्लिका रायफली: काय करावे, काय टाळावे

मांडवा ते हरिहरेश्वर पट्ट्यातल्या संग्राहकांसाठी. उरणकरांनीही वाचावे.

काय करावे

*घेण्याआधी*

• ऑर्डर देण्याआधी अलिबागच्या जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेला लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. दुकानदाराचे "काही लागत नाही हो" हे उत्तर नव्हे.

• उरणकरांनी नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे विचारावे. तालुका रायगडचा असला तरी पोलीस हद्द तिकडची आहे.

• अर्जात बोअर, छऱ्याचे वजन, ज्यूलमधली ताकद आणि चालण्याची पद्धत (स्प्रिंग, बॅटरी की गॅस) स्पष्ट लिहा.

• शस्त्र नियम २०१६ स्वतः वाचा: एअरगनची सवलत ४.५ मिमी बोअर आणि २० ज्यूल या मर्यादेत आहे, एअरसॉफ्टचा, म्हणजे छरे उडवणाऱ्या या रेप्लिकांचा, बोअर मात्र ६ मिमी असतो.

• उत्तर येईपर्यंत लाकडाची किंवा रेझिनची, न उडणारी प्रतिकृती घ्या. संग्रहाची हौस तिच्यावरही भागते, आणि माझ्या मते जास्त चांगली भागते.

• पक्के बिल घ्या आणि त्यावर मॉडेल व बोअर लिहून घ्या.

• परदेशातून मागवायची असेल तर आयातीची अट आधी विचारा. स्प्रिंग, हवा आणि गॅसच्या बंदुका सीमाशुल्काच्या ९३०४ या शीर्षकाखाली येतात, खेळण्यांच्या ९५०३ खाली नव्हेत.

• जुनी घेताना समोर उघडून दाखवायला सांगा. आतली नळी पितळेची किंवा ॲल्युमिनियमची, ६ मिमीची आणि स्वच्छ असली पाहिजे.

• नळीत काजळी दिसली किंवा बंदुकीच्या दारूचा वास आला तर व्यवहार तिथेच थांबवा आणि पोलिसांना कळवा.

*ओळखून घेताना*

• आधी एक देश, एक काळ निवडा; सगळेच गोळा करायला निघालेल्यांचे कपाट भंगाराच्या दुकानासारखे दिसते.

• एके-४७ आणि एकेएममधला फरक हाताने तपासा: पत्र्याच्या एकेएमला मॅगझीनच्या वर छोटा खळगा असतो, कोरीव सांगाड्याच्या जुन्या एकेला त्या जागी लांबट खाच असते.

• बातम्यांतली "एके-५६" म्हणजे चिनी टाइप ५६ हे लक्षात ठेवा. पुढच्या माशीभोवती पूर्ण बंद कडे असेल तरच ती बरोबर.

• एसएलआर घेताना ताणण्याची मूठ डावीकडे आहे ना ते पाहा. एकेला ती उजवीकडे असते.

• भारतीय १ए१ एसएलआरला लाकडी दस्ता लावा. काळ्या प्लास्टिकचा दस्ता ही नंतरच्या ब्रिटिश रायफलीची खूण आहे.

• इन्सासची प्रतिकृती करवून घेत असाल तर मॅगझीन अर्धपारदर्शक आणि २० गोळ्यांच्या मापाचे करा. तिथेच बहुतेक प्रतिकृती उघड्या पडतात.

• ली-एनफील्डचे मॅगझीन १० गोळ्यांच्या मापाचे ठेवा.

• टोकियो मारुईची जुनी रायफल मूळ खोक्यासह मिळाली तर तशीच जपा. बॅटरीवरची त्यांची पहिली फामास १९९१ची, तिला हात लावायचा तो पुसण्यापुरताच.

*घरात*

• कपाटाला कुलूप लावा आणि किल्ली मुलांना माहीत नसलेल्या जागी ठेवा.

• रायफल, बॅटरी आणि छरे तीन वेगळ्या जागी ठेवा.

• नळीच्या तोंडाला चार बोटे रुंद चमकदार नारिंगी पट्टा ठेवा. अमेरिकी नियमात ६ मिमी पुरतो, पण आपल्याला तो रस्त्यापलीकडून दिसायला हवा.

• पट्टा रंगाचा ठेवा. चिकटपट्टी दमट हवेत आठवड्याभरात सुटते.

• प्रत्येक नगाची वही करा: बिल, चार बाजूंचे फोटो, केलेले बदल, आणि तारखा.

• आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात (मांडवा सागरी, अलिबाग, रेवदंडा, मुरूड, दिघी सागरी, श्रीवर्धन, जे असेल ते) संग्रहाचे माहितीपत्र द्या आणि पोच असलेली प्रत वहीत लावा.

• घरातल्या सगळ्यांना वही कुठे आहे ते सांगून ठेवा; विचारणा झाली तेव्हा नेमके आपण घरी नसतो.

• शेजाऱ्यांना एकदा स्वतः बोलावून दाखवा. उघड्या खिडकीतून त्यांनी पाहण्यापेक्षा हे बरे.

*बाहेर नेताना*

• नेण्याचे कारण नसेल तर नेऊ नका, आणि कारण असेल तर बंद, कुलूपबंद पेटीतच न्या.

• पेटी साधी घ्या, गिटारची किंवा क्रिकेटच्या किटची चालेल. आत मात्र वर दिसेल अशी "प्रतिकृती, खरे शस्त्र नाही" ही मराठी चिठ्ठी ठेवा.

• पेटी डिकीत ठेवा, मॅगझीन काढून आणि बॅटरी वेगळी करून.

• बिल, माहितीपत्राची पोच आणि ओळखपत्र पुढच्या कप्प्यात, हाताशी ठेवा.

• भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला येत असाल तर बॅग तपासायला घेण्याआधीच कर्मचाऱ्याला सांगा. उघडल्यावर सांगणे म्हणजे उशीर.

• निघण्याआधी 'सागर कवच' सराव चालू आहे का ते विचारा. चालू असेल तर बेत पुढे ढकला, कारण त्या दिवसांत सुरक्षा दलांचेच लोक घुसखोर बनून येतात आणि सगळा किनारा त्यांनाच शोधत असतो.

• गावात नेणार असाल तर सरपंचांना आणि सागर रक्षक दलाच्या माणसाला आधी कळवा. किनाऱ्यावर काय नवीन आले ते सगळ्यात आधी त्यांना दिसते.

• अर्धवट उलगडलेली मॉडेल पेटीतच, पण वेगवेगळ्या पिशव्यांत न्या. दस्ता एका पिशवीत, सांगाडा दुसरीत.

*नाकाबंदीत*

• वडखळ नाका असो की साळावचा पूल, गाडी थांबवा, आतला दिवा लावा, काच खाली करा आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा.

• "साहेब, डिकीत रायफलीची प्रतिकृती आहे, कागद माझ्याकडे आहेत," हे पहिले वाक्य असू द्या.

• डिकी त्यांना उघडू द्या, पेटीही त्यांनाच उघडू द्या.

• ठाण्यात यायला सांगितले तर जा. वस्तू ठेवून घेतली तर पंचनाम्याची प्रत मागा.

*बदल करताना*

• मूळ सुटे भाग फेकू नका, नाव लिहून डब्यात ठेवा; विकताना मूळ स्थितीला किंमत येते.

• उघडण्याआधी प्रत्येक पायरीचा फोटो काढा. गिअरबॉक्समधून स्प्रिंग उडाली की आठवणीवर काही जुळत नाही.

• गिअरबॉक्स उघडताना स्प्रिंगच्या गाइडमध्ये स्क्रूड्रायव्हर घालून ती दाबून धरा, आणि चष्मा लावूनच बसा.

• गिअर बसवताना आधी शिम लावून हाताने फिरवून पाहा. खरखर ऐकू आली तर पुन्हा उघडा.

• बाहेरच्या नळीचे आटे तपासूनच पुढचा भाग घ्या. बहुतेकांना १४ मिमीचे उलटे आटे असतात, सरळ आट्यांचा भाग जबरदस्तीने बसवला की दोन्ही जातात.

• पुढचा भाग बदललात तर नारिंगी पट्टा त्याच बैठकीत पुन्हा द्या.

• स्क्रूला निळे लॉकटाइट वापरा, थेंबभरच.

• ताकद वेगावर मोजू नका, ज्यूलमध्ये मोजा: ०.२० ग्रॅमचा छरा ३२८ फूट प्रतिसेकंद म्हणजे १ ज्यूल, ०.२५चा छरा २९३ला तिथेच पोचतो.

• १ ज्यूलच्या खाली राहा. जपानने २००६ साली कायद्याने ६ मिमीला साधारण ०.९८ची मर्यादा घातली आणि तिथली हौस काही बुडाली नाही.

• स्प्रिंग एम९०ची पुरते. एम१२० घालून गिअर तासून घेण्यात शौर्य नाही.

• लाकडी दस्ता गावातल्या सुताराकडून सागवानात करून घ्या. त्याच्याकडे जुना दस्ता आणि कागदावर मापे न्या, रायफल नको.

• लाकडाला जवसाचे तेल पातळ हाताने द्या, एक थर पूर्ण वाळल्यावरच दुसरा.

• रेल बसवताना २० मिमी पिकाटिनीचेच माप घ्या. हे मानक १९९५चे आहे, त्यामुळे त्याआधीच्या काळातल्या रायफलीला ती लावलीत तर निदान मित्रांपुढे मिरवू नका.

• जुनेपणा आणायचा असेल तर झीज तिथेच दाखवा जिथे हात, पट्टा आणि मॅगझीन घासतात; सगळीकडे सँडपेपर फिरवला की ती वापरलेली नव्हे, खरवडलेली दिसते.

*बॅटरी आणि गॅस*

• ७.४ व्होल्टच्या लिपोपासून सुरुवात करा. पूर्ण भरल्यावर ती ८.४ दाखवते.

• ठेवून द्यायची असेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.

• लिपोच्याच बॅलन्स चार्जरवर, फरशीवर ठेवून, समोर बसून चार्ज करा. वीज ये-जा करते त्या गावात स्पाइक गार्ड लावा.

• गॅसच्या मॅगझीनमध्ये किंचित गॅस राहू द्या, सील वाळत नाही.

*खेळताना*

• कुंपण असलेल्या खासगी वाडीतच खेळा, मालकाची लेखी परवानगी घेऊन.

• पोफळीवर किंवा माडावर कोणी चढलेले नाही याची खात्री करा.

• डोळ्यांभोवती पूर्ण बसणारा, धक्का सोसणारा चष्मा लावा. तोंडाला जाळी लावा, दात परत येत नाहीत.

• निशाण्यामागे गोणपाटाचा दुहेरी पडदा टांगा. ताडपत्रीवरून छरा उलटून येतो.

• खेळ संपल्यावर मॅगझीन काढा, रिकामी नळी तपासा, एकेरीवर एकदा चाप ओढून स्प्रिंग सैल करा, मग सेफ्टी लावा.

*खाऱ्या हवेत*

• बाहेर काढलेली प्रत्येक वस्तू त्याच दिवशी सुक्या मलमलीने पुसा; अलिबागची हवा स्क्रूवर सगळ्यात आधी बसते.

• लोखंडी स्क्रू एकेक करून स्टेनलेसचे करा, विशेषतः दस्त्यातले आणि पट्ट्याच्या कडीचे.

• जस्ताच्या मिश्रधातूवर पांढरी भुकटी दिसली की मऊ ब्रशने झाडा, मेणाचा पातळ थर द्या.

• जून ते सप्टेंबर कपाटात सिलिका जेल ठेवा. रंग बदलला की कढईत मंद आचेवर सुकवून पुन्हा वापरा.

• आठवड्यातून एकदा ऊन पडेल त्या दिवशी कपाट उघडून हवा द्या.

• हॉप-अप पूर्ण सैल करून ठेवा, रबर दबून राहत नाही.

• रबराला आणि ओ-रिंगला फक्त सिलिकॉन तेल लावा.

काय टाळावे

*घेताना*

• पार्सलवर "खेळणे" लिहून मागवू नका. कस्टम्सने उघडले की वस्तूही जाते आणि खुलासाही तुम्हालाच करावा लागतो.

• "फुल मेटल, फुल पॉवर" या दोन शब्दांवर पैसे पाठवू नका.

• ६ मिमीची वस्तू एअरगनच्या सवलतीत बसते असे गृहीत धरू नका.

• बिलाशिवाय, रस्त्यात भेटून, रोखीने घेऊ नका.

• मित्राच्या नावावर घेऊन आपल्या घरी ठेवू नका.

*बदल करताना*

• खरी गोळी बसेल किंवा उडेल असा कोणताही बदल करू नका, करून पाहू नका, त्याबद्दल विचारूही नका. शस्त्र कायदा १९५९च्या कलम ६ नुसार नकली बंदुकीचे खऱ्या बंदुकीत रूपांतर करायला परवाना लागतो, आणि तो हौशी माणसासाठी नाही.

• त्याच कायद्यात नुसती बंदुकीसारखी दिसणारी वस्तूही "नकली बंदूक" ठरते, तेव्हा "ही उडतच नाही" यावर विसंबू नका.

• लेथवाल्याकडे अख्खी रायफल नेऊ नका, आणि पोलादी नळी करायला कधीच सांगू नका.

• नारिंगी पट्टा काळ्या रंगाने झाकू नका, फोटोपुरताही नाही.

• इशापूर कारखान्याच्या, सैन्याच्या किंवा पोलिसांच्या खुणा आणि बनावट क्रमांक कोरू नका.

• अशोकस्तंभ तर नकोच. राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध २००५चा स्वतंत्र कायदा आहे.

• लाल लॉकटाइट वापरू नका. स्क्रू निघत नाही, डोके मात्र निघते.

• साध्या गिअरबॉक्सवर ११.१ व्होल्टची बॅटरी लावू नका.

• रिकाम्या मॅगझीनवर सलग चालवत राहू नका. पिस्टनचे दात जातात.

• एकाच रायफलीला दुर्बीण, टॉर्च, मूठ, लेझर आणि दुपाया सगळे लावू नका. एवढे ओझे सैनिकही हौसेने उचलत नाही.

• हिरव्या लेझरचा झोत समुद्रावर, होड्यांवर किंवा आकाशात फिरवू नका.

*घरात*

• रस्त्यावरून दिसेल अशा भिंतीवर टांगू नका.

• होमस्टे चालवत असाल तर पाहुण्यांच्या खोलीत ठेवू नका. ते फोटो काढतात आणि गावाच्या नावासह टाकतात.

• लहान मुलाच्या हातात "फक्त एक फोटो" म्हणून देऊ नका.

• दारू आणि रेप्लिका एकाच संध्याकाळी बाहेर काढू नका.

• लिपो चार्जिंगला लावून झोपू नका, बाजारात जाऊ नका, आंघोळीलाही जाऊ नका.

• फुगलेली बॅटरी टोचू नका, दाबू नका, कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

*बाहेर*

• समुद्रकिनाऱ्यावर रेप्लिका बाहेर काढू नका. किहीम नाही, नागाव नाही, काशीद नाही, दिवेआगर नाही, पहाटे कोणी नसतानाही नाही.

• शेखाडी आणि दिघीच्या परिसरात तर विनोदानेही नको. १९९३ साली खरी हत्यारे याच किनाऱ्यावर उतरली होती आणि ते पाहिलेली, ऐकलेली माणसे अजून गावात आहेत.

• शाळेच्या आसपास पेटी उघडू नका. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी हत्यारबंद माणसे दिसल्याचे सांगितले, तेव्हा कमांडोंपर्यंत सगळी यंत्रणा उतरली आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

• करंजाचा नौदल परिसर, जेएनपीए बंदर, उरणचा ओएनजीसी प्रकल्प आणि थळचा आरसीएफ कारखाना यांच्या आसपास पेटी घेऊन थांबू नका, चहालाही नाही.

• कुलाबा, कोर्लई किंवा जंजिऱ्यावर रेप्लिकेसह फोटो काढू नका. खऱ्या लोखंडाची ओढ असेल तर ओहोटीची वेळ पाहून कुलाब्यात रिकाम्या हाताने जा. गाड्यावरच्या तोफांवर यॉर्कशरच्या लो मूर कारखान्याचे नाव वाचायला शस्त्र परवाना लागत नाही.

• फणसाड अभयारण्यात नेऊ नका. वन्यजीव कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन प्रवेश नाही, आणि प्राण्याला इजा करू शकणारे साधन त्या कायद्यात शस्त्रच.

• विमानाच्या हातातल्या सामानात ठेवू नका. प्रतिकृतीलाही तिथे बंदी आहे.

• मोटरसायकलवर पाठीला लावून नेऊ नका, कितीही जाड कव्हर असले तरी. आकार कव्हरमधूनही ओळखू येतो.

• गाडी उन्हात उभी करून गॅसचे मॅगझीन किंवा लिपो आत ठेवू नका; मे महिन्यात तर मुळीच नको.

*कपडे*

• सैन्याच्या चालू गणवेशासारखे कपडे घालून रेप्लिका धरू नका. सैनिक असल्याचा समज व्हावा म्हणून असा वेश करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे.

• जानेवारी २०२२ मध्ये सैन्याने आणलेला ठिपक्यांचा नवा नमुना बाजारातून घेऊ नका. त्याचे हक्क सैन्याने स्वतःच्या नावावर नोंदवले आहेत.

• पोलिसांची टोपी, पट्टा, नावाची पाटी यांतले काहीही नको.

• काळे कपडे आणि तोंडाला रुमाल बांधून वाडीत शिरू नका. मालकाने परवानगी दिली असली तरी गड्याला ते माहीत नसते.

*उसने देताना*

• लग्नाआधीच्या फोटोंसाठी देऊ नका. नवरदेव तुमचा भाचा असला तरी नाही.

• गणपतीच्या देखाव्याला किंवा शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या सीमेवरच्या नाटकाला देऊ नका. त्यांना लाकडाची करून द्या, प्रेक्षकांना शेवटच्या रांगेतून फरक कळत नाही.

• शिमग्याच्या सोंगाला, दहीहंडीला, मिरवणुकीला, प्रचारफेरीला देऊ नका.

• बागेत माकडे हाकलायला मागितली तरी देऊ नका; फटाका, गोफण, डबा, काही चालेल, ही नाही.

• रील करणाऱ्या पोराला तर मुळीच देऊ नका. तो अडकतो आणि चौकशीला तुम्ही जाता.

*पोलिसांपुढे*

• बॅगेत हात घालू नका.

• "खरी आहे" असा विनोद करू नका. तो फक्त तुम्हालाच कळतो.

• पळू नका, गाडी वळवू नका, पेटी खाडीत टाकू नका.

• कायद्याचे कलम पाठ म्हणून दाखवू नका, कागद दाखवा.

• ओळखीच्या पुढाऱ्याला रस्त्यावरूनच फोन लावू नका.

*खेळात*

• चष्मा "एका मिनिटापुरता" काढू नका. डोळे त्याच मिनिटात जातात.

• कावळे, कुत्री, माकडे, नारळ, होड्या, रस्त्यावरची गाडी यांपैकी कशावरही नेम धरू नका.

• वापरलेले छरे पुन्हा भरू नका. ओरखडलेला छरा नळीत अडकतो.

• मुलांच्या स्वस्त पिस्तुलांचे रंगीबेरंगी छरे घालू नका. माप सारखे नसते.

• "जैवविघटनशील" लिहिलेले छरेही वाळूत सोडू नका. ते समुद्रात विरघळत नाहीत, आणि दिवेआगर-हरिहरेश्वरला ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात.

• संध्याकाळी उजेड गेल्यावर खेळू नका. पाखाडीवरून जाणाऱ्याला फक्त सावल्या आणि नळ्या दिसतात.

*पावसाळ्यात*

• स्पंज लावलेल्या पेटीत चार महिने बंद करून ठेवू नका. स्पंज ओल धरतो आणि गंज आतूनच चढतो.

• मातीच्या भिंतीला टेकवून, पलंगाखाली किंवा माळ्यावर कौलांजवळ ठेवू नका.

• खोबरेल लावू नका. थंडीत थिजते, उन्हात धूळ धरते, लाकडावर चिकटते.

• इंजिन ऑइल, ग्रीस किंवा रॉकेल रबराच्या जवळ नेऊ नका, ओ-रिंग फुगते.

• डांबरगोळ्या टाकू नका. काही प्लास्टिक त्यांनी मऊ पडते.

• ओली रायफल चुलीजवळ किंवा हीटरसमोर सुकवू नका, पंख्याखाली ठेवा.

• मॅगझीन भरून ठेवू नका. आतली स्प्रिंग बसते.

*किनाऱ्यावर काही सापडले तर*

• वाळूत लागलेली पेटी, पिशवी किंवा निराधार बोट उघडू नका. १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरला लागलेल्या बोटीत तीन एके-४७ निघाल्या होत्या, आणि त्या रेप्लिका नव्हत्या.

• "आपल्याला कळते" म्हणून उचलून पाहू नका. संग्राहकाच्या बोटांचे ठसे तिथे सगळ्यात वाईट.

• फोटो काढून गटावर टाकू नका. ११२ किंवा सागरी पोलिसांच्या १०९३ वर सांगा, समुद्रात दिसले तर तटरक्षक दलाच्या १५५४ वर, आणि येईपर्यंत लांब उभे राहा.

*विकताना, टाकताना*

• अनोळखी माणसाला, ओळखपत्राची प्रत घेतल्याशिवाय विकू नका.

• अठरा वर्षांखालच्या कोणालाही विकू नका, आईवडील सोबत असले तरी.

• बॅटरी, छरे आणि रायफल एकाच पिशवीत देऊ नका.

• विकल्यावर वहीत नोंद करायला आणि पोलीस ठाण्याला कळवायला विसरू नका. नाहीतर कागदावर ती तुमचीच राहते.

• मोडकी रायफल भंगारवाल्याला अख्खी देऊ नका; सांगाडा करवतीने दोन ठिकाणी कापा, नळी वाकवा, मग तुकडे वेगवेगळ्या फेऱ्यांत द्या.